पासवर्ड तयार होतो, मग जातो कुठे?

"घरात विंडोजचा लॅपटॉप, हातात अँड्रॉइड फोन, मुलीचा आयपॅड, आणि ऑफिसात असा कॉम्प्युटर की ज्यावर स्क्रीनचं चित्र बदलायलाही आयटीवाल्यांची परवानगी लागते. आजवर एकच पासवर्ड, शेवटचे आकडे बदलून, सगळीकडे वापरत आले. मध्यंतरी एका जुन्या खरेदीच्या साइटवरचं माझं खातं कुणीतरी उघडलं आणि जाग आली. भाचा म्हणतो, असा जनरेटर घे की ज्यात एक मुख्य पासवर्ड आणि साइटचं नाव टाकलं की त्या साइटचा पासवर्ड तयार होतो. साठवायचं काही नाही, सिंकची भानगड नाही, कुठल्याही यंत्रावर तोच पासवर्ड. मुलगी म्हणते, ब्राउझर सुचवतो तो घे आणि विषय संपव. तसं करून पाहिलं, तर लॅपटॉपवर तयार झालेला पासवर्ड फोनवर सापडेना. सगळीकडे चालेल असा एकच जनरेटर सांगा. आणि मराठी शब्दांचा पासवर्ड ठेवला तर चालतो का, तेही."
— एक वाचक

नमस्कार,

लॅपटॉपवर तयार झालेला पासवर्ड फोनवर सापडेना, हे तुमच्या पत्रातलं सर्वांत कामाचं वाक्य. म्हणजे जनरेटरने आपलं काम चोख केलं होतं. धड उच्चारताही येणार नाही असा लांबलचक पासवर्ड बनवणं आज बहुतेक सगळ्यांना जमतं, त्यात कुणी कुणापेक्षा फार सरस नाही. (एक अपवाद सांगण्यासारखा आहे, तो पुढे येईल.) अडतं ते त्यानंतर: तो पासवर्ड ठेवला कुठे, आणि दुसऱ्या यंत्रावर हवा तेव्हा तिथे पोचतो का. म्हणून जनरेटर निवडायचा म्हणजे खरं तर पासवर्डची तिजोरी, म्हणजे पासवर्ड मॅनेजर निवडायचा. जनरेटर त्याच्या पोटातच असतो.

आधी तुमच्या हरवलेल्या पासवर्डचं बघू. तो बहुतेक हरवलेला नाही. लॅपटॉपवर एज आणि फोनवर क्रोम असेल, तर दोघांची तिजोरी वेगळी. याचं त्याला कळत नाही. दोन्हीकडे क्रोम असेल, तर लॅपटॉपवरचं क्रोम कोणाच्या गूगल खात्याने उघडलंय ते पाहा. घरातल्या लॅपटॉपवर ते मुलांच्या खात्याने उघडलेलं असणं ही अगदी नेहमीची गोष्ट. आणि फोनमधल्या ॲपमध्ये पासवर्ड आपोआप भरला जात नसेल, तर फोनच्या सेटिंगमध्ये 'ऑटोफिल' असं शोधा. अँड्रॉइडवर पासवर्ड कुणी भरायचा हे तिथे ठरतं, आणि फोन बनवणाऱ्या कंपनीने तिथे स्वतःचीच सेवा आधीपासून निवडून ठेवलेली असू शकते.

आता भाच्याची बाजू. तो सांगतोय ती कल्पना मुळात हुशारीची आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००५ मध्ये 'पीडब्ल्यूडीहॅश' नावाने ती मांडली, आणि पुढे सुपरजेनपास, लेसपास अशी साधनं त्याच वळणाची निघाली. मुख्य पासवर्ड आणि साइटचा पत्ता एकत्र करून एका ठरलेल्या गणितातून काढले की दर वेळी उत्तर तेच येतं. साठवायला काही नाही, म्हणून चोरायलाही काही नाही. ऐकायला फार छान. वापरायला बसलं की मात्र गाडी अडते.

समजा एका साइटने सांगितलं, पासवर्ड बारा अक्षरांपेक्षा मोठा नको. दुसरी म्हणाली, एक तरी विशेष चिन्ह हवंच. तिसरीला विशेष चिन्हं चालतच नाहीत. गणितातून आलेलं उत्तर तुम्हाला प्रत्येकीसाठी वेगळ्या बेताने कापावं लागणार, आणि कुठे कसं कापलं ते लक्षात ठेवावं लागणार. मग एखाद्या साइटचा डेटा फुटतो आणि पासवर्ड बदलायची वेळ येते. मुख्य पासवर्ड तोच, साइट तीच, म्हणजे उत्तरही तेच. त्यावर उपाय म्हणून या साधनांत एक क्रमांक असतो: पहिल्यांदा एक, बदलला की दोन. कुठल्या साइटचा क्रमांक किती, हे पुन्हा तुमच्या डोक्यात. साइटने आपला पत्ता बदलला तर जुना पत्ता लक्षात ठेवायचा, तोही तुम्हीच. दहा-पंधरा खात्यांपर्यंत हे निभावेल. पुढे तुम्ही हे सगळं एका वहीत लिहायला लागाल, आणि ती वही चारही यंत्रांजवळ असावी असं वाटायला लागेल. म्हणजे सिंकची भानगड मागच्या दाराने घरात.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. या पद्धतीत सगळे पासवर्ड एकाच मुळातून येतात. एखाद्या ढिसाळ साइटवरून तुमचा तयार झालेला पासवर्ड बाहेर पडला आणि तो कोणत्या साधनाने बनवलाय हे कुणी ओळखलं, तर तो माणूस आपल्या कॉम्प्युटरवर बसून मुख्य पासवर्डचे अंदाज करत राहू शकतो. बरोबर अंदाज लागला की सगळीच खाती उघडी. तिजोरीतल्या पासवर्डांचं तसं नसतं. ते एकमेकांचे कुणीच लागत नाहीत. एक फुटला तरी दुसऱ्याचा माग लागत नाही. शिवाय तुमच्याकडे असे पासवर्ड असतीलच जे तुम्ही ठरवलेले नाहीत: वायफायचा, ऑफिसने दिलेला, एखाद्या खात्याचे सुरक्षा-प्रश्न. ते भाच्याच्या साधनात ठेवणार कुठे? तेव्हा त्याचा सल्ला प्रेमाने ऐका आणि सोडून द्या.

मुलीचं म्हणणं मी इतक्या सहज उडवणार नाही. तुम्ही तिन्ही घरगुती यंत्रांवर क्रोमच वापरणार असाल आणि एकाच गूगल खात्याने, तर गूगलची तिजोरी विंडोजवर चालते, अँड्रॉइडवर चालते, आणि आयपॅडवर क्रोम घालून सेटिंगमध्ये परवानगी दिली की तिथेही पासवर्ड भरते. फुकट आहे, शिकायला काही नाही. जे लोक काहीच करत नाहीत त्यांना मी हेच सांगते. माझी अडचण दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे जनरेटर जे देईल ते घ्यायचं. किती लांब, कोणती चिन्हं, शब्दांचा हवा की अक्षरांचा, यात फारसं काही ठरवता येत नाही. ते का महत्त्वाचं, हे पुढे ऑफिसच्या कॉम्प्युटरपाशी आल्यावर कळेल. दुसरं म्हणजे तुमचा ईमेल आणि तुमचे सगळे पासवर्ड एकाच खात्यात. ते खातं अडकलं तर एकदम दोन्ही जातात.

ॲपलची व्यवस्था तुमच्या बाबतीत बाद. आयपॅडवर ती सुंदर चालते, विंडोजवर आयक्लाउड घालून भागवता येतं, पण अँड्रॉइडसाठी ॲपलने असं ॲप काढलेलंच नाही, आणि तुमचं हातातलं यंत्र नेमकं तेच. तिच्या जनरेटरकडून एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. तो वीस चिन्हांचा पासवर्ड देतो, पण सहा-सहा अक्षरांच्या तीन तुकड्यांत, मध्ये आडवी रेघ घालून. अक्षरं बहुतेक लहान लिपीतली, एखादंच मोठं, एखादाच आकडा, आणि तुकडे ओठांवर बसतील असे व्यंजन-स्वर मिसळलेले. कुणाला तरी कधीतरी हा पासवर्ड टीव्हीच्या रिमोटने नाहीतर परक्या कीबोर्डवर हाताने भरावा लागणार आहे, याचा विचार त्यात केलेला दिसतो. जनरेटर पारखायचा तर हेच बघायचं.

माझी शिफारस: बिटवॉर्डन. विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड, आयफोन-आयपॅड, झाडून सगळे मोठे ब्राउझर, सगळीकडे आहे. मोफत योजनेत यंत्रांची आणि पासवर्डांची संख्या मर्यादित नाही. त्याचा कोड खुला आहे, म्हणजे जाणकारांना तो आतून वाचता येतो. आणि जनरेटरमध्ये अक्षरांचा किंवा शब्दांचा, दोन्ही प्रकारचा पासवर्ड मिळतो. पैसे मोजायची तयारी असेल तर वनपासवर्ड वापरायला जास्त गुळगुळीत आहे. घरातल्या सगळ्यांना एकत्र आणायचं असेल तर विचार करा. तिसरी वाट कीपासची: सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाइलमध्ये, ती फाइल तुमच्याकडे, कुठल्याही कंपनीकडे नाही. कॉम्प्युटरवर कीपासएक्ससी, अँड्रॉइडवर कीपासडीएक्स, आयपॅडवर कीपासियम. ज्याला फायली सांभाळायची हौस आहे त्याच्यासाठी उत्तम. पण लॅपटॉपवर एक बदल केला आणि तो पोचायच्या आत फोनवर दुसरा केला की एकाच फाइलच्या दोन आवृत्त्या होतात, आणि खरी कोणती हे तुम्हाला निस्तरावं लागतं. फोनवर पासवर्ड सापडेना म्हणून तुम्ही पत्र लिहिलंय. तुम्हाला या वाटेला लावणं बरं नव्हे.

मोफत योजना बघताना 'सगळ्या यंत्रांवर' हे शब्द नीट वाचा. लास्टपास या पासवर्ड मॅनेजरने मार्च २०२१ मध्ये मोफत वापरणाऱ्यांना सांगितलं की कॉम्प्युटर किंवा मोबाइल, दोहोंपैकी एक निवडा. मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये आपल्या ऑथेंटिकेटर ॲपमधून पासवर्ड ठेवायची सोयच काढून टाकली. कंपनी चांगली की वाईट हा प्रश्न नाही, धोरणं बदलतात. म्हणून आत शिरण्याआधी बाहेरचा दरवाजा बघून ठेवायचा: सगळे पासवर्ड एका फाइलमध्ये काढून घ्यायची सोय कुठे आहे ते सेटिंगमध्ये शोधून ठेवा.

आता तो अपवाद. कॅस्परस्कीच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये काय घडलं ते २०२१ मध्ये जाहीर झालं. त्याचा जनरेटर पासवर्ड बनवायला सुरुवात करताना एकच गोष्ट विचारात घ्यायचा: घड्याळात या क्षणी कितवा सेकंद आहे. म्हणजे एकाच सेकंदाला, तीच सेटिंग ठेवून, जगात कुणीही बटण दाबलं तरी सगळ्यांना तोच पासवर्ड. २०१० पासून २०२१ पर्यंतचे सगळे सेकंद मोजले तरी ते साडेएकतीस कोटींच्या आसपास भरतात, आणि तेवढे अंदाज कॉम्प्युटर मिनिटांत करतो. खातं कोणत्या दिवशी उघडलं हे कळलं तर त्याहून कितीतरी कमी. बटण दाबल्यावर पडद्यावर अक्षरं सेकंदाहून जास्त वेळ भिरभिरत राहायची, म्हणून बघणाऱ्याला काही वावगं दिसायचंच नाही. कंपनीने दोष दुरुस्त केला आणि जुने पासवर्ड बदलायला सांगितलं.

दिसायला तो पासवर्ड कुठल्याही चांगल्या पासवर्डइतकाच वेडावाकडा होता. बघून पारख होत नाही, हा त्यातला मुद्दा. म्हणून शोधून सापडलेल्या, जाहिरातींनी भरलेल्या एखाद्या 'पासवर्ड बनवून देतो' पानावरून पासवर्ड उचलू नका. ते पान यादृच्छिक आकडा कुठून आणतं ते तुम्हाला दिसत नाही, आणि बनवलेला पासवर्ड ते स्वतःकडे ठेवतं का, हेही दिसत नाही. शिवाय तो तिथून कॉपी करून दुसरीकडे नेताना पुष्कळ माणसं सेव्ह करायला विसरतात.

सेटिंगचं थोडं सांगते. जी खाती नेहमी आपोआपच भरली जाणार आहेत त्यांना वीस चिन्हं, सगळे प्रकार, आणि विसरून जा. हाताने भरावे लागणारे पासवर्ड वेगळे ठेवा. त्यात विशेष चिन्हांचा अट्टहास नको. लांबी वाढवली की भागतं. सगळी मिळून ९४ चिन्हं वापरून केलेला चौदा चिन्हांचा पासवर्ड आणि फक्त लहान लिपीतल्या २६ अक्षरांचा वीस अक्षरी पासवर्ड यांची तुलना केली, तर दुसऱ्याच्या शक्यता जवळजवळ पावणेपाच पट जास्त निघतात. आणि फोनवर टाइप करताना कीबोर्डची पानं उलटावी लागत नाहीत ती वेगळीच. 'सारखी दिसणारी अक्षरं टाळा' असा पर्याय असेल तर या हाताने भरायच्या पासवर्डांसाठी तो चालू करा: शून्य आणि ओ, एक आणि एल.

शेवटचे आकडे बदलायची तुमची सवय फक्त तुमची नाही, बरं का. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक-संस्थेसाठी बिल बर यांनी २००३ मध्ये नियम लिहिले: मोठं अक्षर घाला, आकडा घाला, चिन्ह घाला, ठरावीक दिवसांनी बदला. जगभरच्या ऑफिसांनी ते उचलले आणि लोकांनी ते पाळले कसे, तर जुन्याच पासवर्डच्या शेपटाला आकडा लावून. २०१७ मध्ये संस्थेने ते नियम मोडीत काढले, आणि आपण लिहिलेल्याचा पश्चात्ताप होतो असं खुद्द बर यांनीच त्या वर्षी सांगितलं. तेव्हा तिजोरीत गेलेला चांगला पासवर्ड उगाच बदलत बसू नका. फुटल्याचं कळलं तर बदला.

मुख्य पासवर्ड हा एकच तुम्हाला पाठ करायचा आहे, आणि तो जनरेटरच्या शब्दांच्या पर्यायातून घ्या. २०२२ मध्ये लास्टपासच्या ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या कुलूपबंद प्रती चोरीला गेल्या. कुलूप होतं, पण चोराच्या हाती प्रत असली की तो सावकाश, वर्षानुवर्षं किल्ल्या लावून बघू शकतो. ज्यांचा मुख्य पासवर्ड लेचापेचा होता त्यांच्यासाठी ती वाईट बातमी होती. (तिजोरीतले साइटचे पत्ते तर कुलपाबाहेरच होते, तेही तेव्हाच कळलं.) ऑनलाइन तिजोरी घेताना हे असं कधीतरी होईल असंच धरून चालायचं, आणि तसं झालं तरी फरक पडणार नाही इतका मुख्य पासवर्ड भक्कम ठेवायचा.

शब्दांची पद्धत अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये 'डाइसवेअर' नावाने रूढ केली. ७,७७६ शब्दांची यादी, पाच वेळा फासा टाकायचा, जो आकडा येईल त्यासमोरचा शब्द घ्यायचा. असे सहा शब्द झाले की अंदाजाने फोडणं व्यवहारात अशक्य, आणि माणसाला पाठ मात्र होतात.

आणि इथे तुमचा मराठीचा प्रश्न येतो. देवनागरीत ठेवू नका, कळकळीने सांगते. 'वाऱ्यावर' हा शब्द घ्या. त्यातला 'ऱ्य' एक कीबोर्ड 'ऱ' या स्वतंत्र अक्षरापासून बनवतो, दुसरा साध्या 'र'ला न दिसणारं जोडचिन्ह लावून बनवतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच. कॉम्प्युटरच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. 'ॲप'मधल्या 'ॲ'चंही तसंच: कुठे ते एकच अक्षर असतं, कुठे 'अ'वर चंद्र चढवलेला असतो. कागदावर या गोष्टीने कुणाचं बिघडत नाही. पासवर्डच्या चौकटीत मात्र फोनवर ठेवलेला शब्द लॅपटॉपवर 'चुकीचा' ठरेल, आणि चौकटीत नुसते ठिपके दिसत असल्याने चूक कुठे झाली हे जन्मात कळणार नाही. भरीला, देवनागरीतलं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक काना-मात्रा-वेलांटी साठवायला तीन बाइट लागतात. पासवर्ड जपण्यासाठी बरीच वापरली जाणारी 'बीक्रिप्ट' ही पद्धत ७२ बाइटच्या पुढचं बघत नाही, म्हणजे चोवीस चिन्हांनंतर तुम्ही काय लिहिलंत याला तिथे काही अर्थ राहत नाही. आणि कॉम्प्युटर सुरू करतानाच्या पडद्यावर देवनागरी कीबोर्ड मिळेलच असं नाही.

मराठी शब्द रोमन लिपीत लिहिलेत तर चालेल, दोन अटींवर. शब्द तुम्ही निवडायचे नाहीत. माणूस निवडायला बसला की अभंगाची ओळ येते, म्हण येते, नाहीतर मुलांची नावं येतात, आणि अंदाज करणाऱ्यालाही नेमकं तेच आधी सुचतं. जाडजूड शब्दकोश घ्या, कितवं पान आणि कितवा शब्द हे फाशांनी ठरवा, आणि जो शब्द येईल तो, आवडो न आवडो, घ्या. असे सहा. दुसरी अट स्पेलिंगची. 'पाऊस' रोमनमध्ये तुम्ही आज दोन यू घालून लिहाल आणि उद्या एक. जे ठरेल ते पहिल्या दिवशी कागदावर लिहून काढा. हो, कागदावरच. मुख्य पासवर्ड आणि दुहेरी पडताळणीचा (पासवर्डशिवाय फोनवरचा कोडही मागायची सोय) रिकव्हरी कोड, म्हणजे फोन हाताशी नसला तर आत शिरायचा राखीव कोड, एका कागदावर लिहून घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवा, आणि तो कुठे आहे हे मुलीला माहीत असू दे. तुमच्या तिजोरीत शिरू पाहणारा माणूस तुमच्या कपाटापर्यंत येणार नाही. रिकव्हरी कोड फक्त तिजोरीतच ठेवलात, तर तिजोरी उघडायला तिजोरीच उघडावी लागेल.

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काहीही घालू नका, आणि ब्राउझरमधून आपली तिजोरी तिथे उघडूही नका. ते यंत्र तुमचं नाही. त्यावर काय नोंदलं जातं ते तुमच्या हातात नाही, आणि मुख्य पासवर्ड ही तिथे टाइप करायची वस्तू नव्हे. ऑफिसात लागणारे दोन-चार पासवर्ड शब्दांचे बनवा: चार-पाच शब्द, मध्ये आडवी रेघ. फोनवर तिजोरी उघडायची, डोळ्यांनी वाचायचं, हाताने टाइप करायचं. 'sanyog-kapat-vadal-nadi' असं काहीतरी वाचून टाइप करायला काही क्षण लागतात. वीस वेडीवाकडी चिन्हं टाइप करताना माणूस तीन वेळा चुकतो आणि तिसऱ्या चुकीला खातं लॉक होऊ शकतं. आयपॅडवर आणि टीव्हीवरही हेच. मुलीच्या आयपॅडवर तुमची सगळी तिजोरी बसवायची तशीही गरज नाही.

बाकी यंत्रांवर मात्र पासवर्ड हाताने टाइप करायचा मोह टाळा. तिजोरी आपोआप पासवर्ड भरते तेव्हा ती साइटचा पत्ता ताडून बघते. हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानावर ती गप्प बसते. नेहमीच्या साइटवर पासवर्ड भरला जात नाहीये असं झालं, तर कॉपी-पेस्ट करायच्या आधी वर पत्त्याच्या पट्टीत काय लिहिलंय ते वाचा.

एक बारीक पण फार डोकेदुखी देणारी जागा सांगून ठेवते: नवं खातं उघडतानाचा किंवा पासवर्ड बदलतानाचा तो अर्धा मिनिट. तुम्ही जनरेटरने पासवर्ड बनवता, साइटला देता, साइट 'झालं' म्हणते, आणि तिजोरी 'सेव्ह करू का?' विचारायच्या आत पान बदलतं. पासवर्ड साइटकडे आहे, तुमच्याकडे नाही. म्हणून उलट क्रम लावा. आधी तिजोरीत नोंद करा, तिथेच पासवर्ड बनवा, सेव्ह करा, आणि मग साइटला द्या. लगेच लॉगआउट करून एकदा पुन्हा आत शिरून बघा, कारण काही साइट लांब पासवर्ड मुकाट्याने कापून ठेवतात आणि सांगत नाहीत. तरीही एखादा निसटलाच, तर बिटवॉर्डनच्या जनरेटरमध्ये 'हिस्टरी' असते. ज्या यंत्रावर बनवला त्याच यंत्रावर ती बघा.

सुरुवात ईमेलपासून करा. बाकी सगळ्या खात्यांचे 'पासवर्ड विसरलात?'वाले दुवे तिथेच येतात, त्यामुळे तो गेला तर सगळंच गेलं. त्यानंतर बँक, मग ज्या खात्यांना तुमचा तो जुना सामायिक पासवर्ड आहे ती. एका बैठकीत सगळं उरकायचा हट्ट धरू नका. उरलेली खाती जशी उघडाल तशी बदलत जा. आणि पहिल्याच दिवशी एक चाचणी घ्या: बिनमहत्त्वाच्या एखाद्या साइटवर लॅपटॉपवरून खातं काढा, मग फोनवर त्याच खात्यात शिरा, फोनवरून पासवर्ड बदला, आणि परत लॅपटॉपवर या. हे सुरळीत झालं तरच बाकीची खाती हलवा.

ब्राउझरमधले जुने पासवर्ड नव्या तिजोरीत न्यायचे असतील, तर ब्राउझर ते एका साध्या फाइलमध्ये काढून देतो आणि बिटवॉर्डन ती फाइल आत घेतं. त्या फाइलला कुलूप नसतं. उघडली की सगळे पासवर्ड समोर. काम झालं की ती डाउनलोडच्या फोल्डरमधून काढा, रिसायकल बिनमधूनही काढा, आणि ती स्वतःलाच ईमेल करू नका. मग क्रोम आणि एज दोन्हीकडे जाऊन पासवर्ड सेव्ह करण्याचा पर्याय बंद करा, आणि फोनच्या ऑटोफिलमध्ये बिटवॉर्डन निवडा. नाहीतर एकाच खात्याचे दोन पासवर्ड दोन ठिकाणी राहतील आणि जुना आधी भरला जाईल.